किडनी बसवल्यानंतरचं मन: पुण्यातल्या रुग्णांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

नऊ वर्षांपूर्वी आईची किडनी माझ्या पोटात आली. तेव्हापासून पुण्यातल्या ट्रान्सप्लांट झालेल्या मंडळींशी आणि त्यांच्या घरच्यांशी माझं रोजचं बोलणं आहे. कुणी ओपीडीच्या बाकावर भेटतं, कुणी रात्री अकराला मेसेज करतं. खाण्यापिण्याचं, रिपोर्टचं सगळे मोकळेपणाने विचारतात. मनाचा प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी, "ताई, अजून एक विचारायचं होतं" असं म्हणत येतो. ते "अजून एक" प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधांत काहीही बदल करायचा तर तुमच्या नेफ्रोलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, विचारूनच करा.

१. ट्रान्सप्लांट यशस्वी झालं, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा; वाढला की काळजी) १.१ आहे, सगळे खूश आहेत. मग मला रडू का येतं?

कारण आत्तापर्यंत तुम्हाला रडायला सवडच मिळाली नव्हती. डायलिसिसच्या दिवसांत डोक्यात सतत पुढचं काहीतरी असतं: परवाची डायलिसिसची पाळी, डोनरच्या तपासण्या, ट्रान्सप्लांटला परवानगी देणाऱ्या कमिटीची तारीख, पैशांची जुळवाजुळव. ऑपरेशन झालं की ही धावपळ एकदम थांबते आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं वर येतं. त्यात सुरुवातीला स्टिरॉइडचा डोस मोठा असतो (प्रश्न २) आणि झोपेचं खोबरं झालेलं असतं (प्रश्न ३).

डायलिसिसवर असताना मला दिवसाला एक लिटर पाण्याची मर्यादा होती, चहा आणि आमटी धरून. ऑपरेशननंतर सिस्टरनी पाण्याने भरलेला तांब्या समोर ठेवला आणि म्हणाल्या, "हा तासाभरात संपवायचा." मी दोन घोट घेतले आणि हात थांबला. पाणी घशाखाली जाताना भीती वाटत होती. तीन वर्षांचा तो धाक जायला मला काही महिने लागले.

रडू येणं चूक नाही. पण दोन आठवडे उलटले, जवळजवळ रोज उदास वाटतंय, कशातच रस नाही, जेवण जात नाही, माणसं नकोशी झालीत, असं असेल तर ते नुसतं हळवेपण नसून नैराश्य असू शकतं. ताप आला की डॉक्टरांना सांगता ना, तितक्याच सरळपणे हेही सांगा. "जीव वाचला, आता कसलं रडतेस" असं कुणी म्हणालं म्हणून गप्प बसू नका. मरणाचे विचार येत असतील तर आधी प्रश्न १५ वाचा.

२. ही चिडचिड माझी आहे की औषधांची?

बहुतेकदा दोन्हींची. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडमुळे चिडचिड, अस्वस्थपणा, भुकेचा भडका आणि झोपमोड होऊ शकते. डोस मोठा तितका त्रास जास्त. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या टॅक्रोलिमसमुळे हात थरथरतात, डोकं दुखतं, झोप उडते. चहाचा कप धरताना हात हलला की माणूस घाबरतो आणि त्या भीतीने आणखी थरथरतो. सुरुवातीच्या महिन्यांत हे डोस टप्प्याटप्प्याने खाली येतात, तसा बराच त्रास कमी होतो. स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे काहींना नव्याने मधुमेह होतो, आणि साखर वरखाली झाली तरी माणूस तिरसटतो. म्हणून चिडचिड वाढली तर एकदा साखरही तपासून घ्या.

हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. नवरा ताटावरून का उठून गेला, हे बायकोला कळलं तर ती निदान स्वतःला दोष देत बसत नाही. आणि औषधाचा त्रास होतोय म्हणून एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

३. रात्री पाच-पाच वेळा उठावं लागतं. झोप कधी लागणार?

डायलिसिसवर कित्येकांची लघवी जवळजवळ बंदच झालेली असते. वर्षानुवर्षं रिकामं राहून मूत्राशय आक्रसतं. आता किडनी भराभर लघवी तयार करते आणि पिशवी मात्र लहान. ती हळूहळू मोठी होते, आठवड्यागणिक फेऱ्या कमी होतात. तोवर दिवसभराच्या पाण्याचा मोठा वाटा संध्याकाळी सहाच्या आत संपवा. एकूण पाणी मात्र कमी करू नका. स्टिरॉइड सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितलेलं असतं, त्याचं एक कारण झोप हेही आहे. लघवीला आग होत असेल किंवा ताप असेल तर ती झोपेची तक्रार राहत नाही, फोन करा.

४. रिपोर्टच्या आदल्या रात्रीपासून जीव टांगणीला लागतो. क्रिएटिनिन जरा वाढलं की संपलंच असं वाटतं.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि मी स्वतः तो वर्षानुवर्षं जगले आहे.

एकदा एप्रिलमध्ये स्वारगेटला बसची वाट बघत असताना मोबाइलवर रिपोर्ट आला. आधी १.१ होतं, आता १.३. तिथेच पाय लटपटले. बस आली, गेली, दुसरी आली. मला वाटत होतं आईची किडनी मी घालवली. डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "काल पाणी किती प्यायलात?" आदल्या दिवशी चुलत बहिणीच्या लग्नात मी उन्हात उभी होते आणि जेमतेम तीन-चार ग्लास पाणी प्यायले होते. चार दिवसांनी पुन्हा तपासलं, १.१.

पाणी कमी पडणं, जुलाब, लॅब बदलणं, टॅक्रोची (टॅक्रोलिमसची) रक्तातली लेव्हल वाढणं, अशा कितीतरी कारणांनी आकडा थोडा हलतो. डॉक्टर एका आकड्यापेक्षा ओळीने आलेले आकडे बघतात. म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासणी करा. टॅक्रो लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. गोळी घेऊन गेलात तर आकडा खोटा वाढलेला येतो आणि आठवडाभर उगाच घोर लागतो. गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या.

मी अजून एक नियम केला. रिपोर्ट रस्त्यात उघडायचा नाही. घरी येऊन, पाणी पिऊन, आई शेजारी असताना उघडायचा आणि वहीत मागच्या आकड्याखाली लिहायचा. दहा-बारा आकडे एकाखाली एक दिसले की नव्या आकड्याचा धसका कमी होतो. मात्र आकडा वाढलेला असेल तर "होईल कमी" म्हणून मनाशी ठेवू नका, त्याच दिवशी कळवा. रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा, धोका पहिल्या काही महिन्यांत जास्त असतो आणि वेळेत सापडलं तर त्यावर उपचार होतात.

५. अधूनमधून गोळी चुकते. मुद्दाम नाही, लक्षातच राहत नाही. याचा मनाशी काय संबंध?

फार मोठा संबंध आहे, आणि ही सगळी प्रश्नावली मी लिहायला घेतली ती यासाठीच.

हडपसरच्या एका वहिनींनी मला गोळ्यांच्या डबीचा फोटो पाठवला होता. सात दिवसांची, सकाळ-रात्रीचे खण असलेली डबी. शनिवार होता. मंगळवार रात्र, बुधवार रात्र आणि शुक्रवार रात्र या तीन खणांत गोळ्या तशाच. डबी त्यांच्या नवऱ्याची होती. भाऊ सगळ्यांना सांगत होते, "मी मजेत आहे." ओपीडीतही तेच सांगितलं होतं. त्यांची नोकरी गेली होती, आणि रात्री आठच्या सुमाराला ते दार लावून अंधारात बसून राहत. गोळीचा गजर वाजायचा, ते बंद करायचे. डॉक्टरांना त्यांनी विसरभोळेपणा सांगितला. डबीत नैराश्य दिसत होतं.

मन खचलं की त्याचा पहिला परिणाम असा इथे होतो. कुणी ठरवून गोळी सोडत नाही, फक्त "काय फरक पडतो" असं आत कुठेतरी वाटू लागतं. टॅक्रोलिमस साधारण दर बारा तासांनी घ्यायची असते, ती रक्तातली पातळी सारखी राहावी म्हणून. वारंवार चुकली तर शरीर किडनीला परकं मानून तिच्यावर हल्ला करू शकतं.

तेव्हा रविवारी संध्याकाळी डबी भरताना मागच्या आठवड्याचे खण बघा. एखादी गोळी राहिली तर गजर दुसऱ्या वेळेला लावून बघा. दोन-तीन राहिल्या तर स्वतःला विचारा की या आठवड्यात मी कसा होतो, कशी होते. आणि ते खरं उत्तर डॉक्टरांना सांगा. ते रागावतील या भीतीने लपवलं, तर कमी आलेली लेव्हल बघून ते डोस वाढवतील आणि गोंधळ आणखी वाढेल.

चुकलेली गोळी किती उशिरापर्यंत घ्यायची, हे प्रत्येक औषधासाठी आधीच विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. भरपाई म्हणून दुप्पट डोस कधीही घेऊ नका. पैशांअभावी गोळी चुकत असेल तर प्रश्न १३ पाहा.

६. घरचे मला काचेच्या बरणीत ठेवल्यासारखं वागवतात. सासूबाई दाराबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. काय करू?

त्यांनी तुम्हाला मशीनवर पाहिलंय, त्या भीतीतून हे येतं. भांडण्यापेक्षा त्यांना एका फॉलोअपला सोबत न्या आणि "काय चालेल, काय नाही" हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यांत घरात फरक पडतो, हे मान्य करून चालावं.

काही भीती खरीच आहे. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची (गुलेन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली आणि तिचा दूषित पाण्याशी संबंध पुढे आला, तेव्हा आमच्यातले सगळे हादरले होते. उकळलेलं पाणी, ताजं गरम जेवण, उघड्यावरचं कापलेलं फळ आणि बर्फ घातलेला उसाचा रस बंद, गर्दीत मास्क, गॅलरीतली कबुतरांची घाण दुसऱ्याने साफ करायची: एवढं नेहमीसाठी पाळा. बाकी पहिल्या सहा महिन्यांची बंधनं सहा वर्षं चालवायची गरज नाही. नातवाला जवळ घ्या, त्याला सर्दी-ताप किंवा कांजिण्या नसल्या म्हणजे झालं.

७. बायकोची किडनी घेतली. तिच्याकडे बघितलं की अपराधी वाटतं.

आपल्याकडे जिवंत डोनरमध्ये बायकाच जास्त आहेत: आया, बायका, बहिणी. हे वास्तव बोचतं आणि ते बोचायलाच हवं. म्हणूनच डोनर महिला असेल तर तिची ओळख आणि स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने पक्की करावी, असं २०१४च्या नियमांत लिहिलेलं आहे. मूळ अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४चा.

या अपराधीपणाचं काय करायचं? आधी तो तिच्यासमोर बोला. आमच्या घरी हा विषय दोन वर्षं निघाला नाही. मी आईला जड काही उचलू देत नव्हते, ती ऑपरेशनबद्दल अवाक्षर काढत नव्हती. एक दिवस मी जेवण टाळलं तर ती म्हणाली, "तू नको जेवूस, पण माझ्या किडनीला उपाशी ठेवू नकोस." दोघी हसलो, मग रडलो, आणि त्यानंतर घर मोकळं झालं.

दुसरं, तिच्या तपासणीची तारीख तुमच्या कॅलेंडरवर लिहा. डोनरचा रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन दरवर्षी बघायला हवं, आणि नेमकं हेच घरोघरी राहून जातं. उपकार फेडण्याच्या ओझ्याखाली गप्प राहण्यापेक्षा तिच्यासोबत लॅबमध्ये जाऊन बसणं कितीतरी चांगलं.

८. मी डोनर आहे. सगळे त्यांचीच चौकशी करतात. मला उदास वाटतं, हे बोलणं स्वार्थीपणाचं आहे का?

अजिबात नाही. ऑपरेशन तुमचंही झालंय, टाके तुमच्याही पोटावर आहेत. घरी आल्यावर नारळपाणी एकाच खाटेकडे जातं, हे कितीतरी बायकांनी मला सांगितलंय. ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला स्वतःसाठी फोन करा. समुपदेशन डोनरसाठीही असतं. दिलेली किडनी चालली नाही तर डोनरचं दुःख आणखी खोल असतं, तेव्हा तर नक्कीच बोला.

९. मला मेंदूमृत व्यक्तीची किडनी मिळाली. ते कुटुंब कोण, हे कळेल का?

नाही. आपल्या भागात हे वाटप झेडटीसीसी पुणे या समितीमार्फत प्रतीक्षायादीनुसार होतं आणि दोन्ही बाजूंची ओळख गुप्त ठेवली जाते. बातमीतल्या तारखा जुळवून शोध घेऊ नका. त्या घरात नुकतंच कुणीतरी गेलेलं असतं. "कुणाच्या तरी मरणावर मी जगतोय" असं वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या, की तुमचं नाव यादीत होतं म्हणून ते गेलेले नाहीत. आमच्यातले एक काका दरवर्षी ऑपरेशनच्या तारखेला देवापुढे एक जादा निरांजन लावतात. ३ ऑगस्टला अवयवदान दिन असतो, त्या दिवशी आपल्या सोसायटीत बोला.

१०. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या किडनीला चालतात का? आणि पुण्यात जायचं कुठे?

चालतात, पण निवड विचारपूर्वक करावी लागते. सरट्रालिन, एस्सिटालोप्राम ही औषधं ट्रान्सप्लांटच्या रुग्णांना बऱ्याचदा दिली जातात. फ्लुवोक्सामिनने टॅक्रोची लेव्हल वाढू शकते, कार्बामाझेपिनने घटू शकते, लिथियम किडनीला त्रास देऊ शकतं. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना गोळ्यांची पूर्ण यादी न्या आणि नवी गोळी सुरू करण्याआधी नेफ्रोलॉजिस्टना कळवा. अंगदुखीवर मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, हेही इथेच सांगते.

जायचं कुठे? जिथे ट्रान्सप्लांट झालं तिथल्या समुपदेशकांपासून सुरुवात करा. खर्च झेपत नसेल तर ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. घराबाहेर पडवत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

११. टेन्शनसाठी अश्वगंधा, प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेऊ का? आयुर्वेदिकच तर आहे.

नको. तुमच्या गोळ्या प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात, ती वाढली तर किडनीवरच उलटेल. शेजारच्या काकूंनी प्रेमाने आणून दिलेला काढासुद्धा नको. भाजीतली हळद आणि चहातलं आलं यांना हरकत नाही.

१२. गणपती, उपवास, वारी, टेकडी: हे सगळं सुटलं तर जगायचं कशासाठी?

सुटत नाही, फक्त बेताने करायचं.

घरचा गणपती आनंदाने बसवा. गरम उकडीचा मोदक बिनधास्त खा. कच्च्या दुधा-दह्याचं पंचामृत आणि मंडळाच्या ताटात दिवसभर उघडे पडलेले पेढे मात्र फक्त कपाळाला लावल्यासारखे करा. त्या दिवसांत मंडईत पपनसं येतात. ते खाऊ नका, ग्रेपफ्रूटसारखंच त्यानेही टॅक्रोची लेव्हल वाढू शकते. मिरवणूक पहिल्या वर्षी टीव्हीवर बघा. मी दुसऱ्या वर्षी सकाळी लवकर, मास्क लावून, अर्धा तास मानाचे गणपती बघून आले होते. ढोल छातीत घुमला तेव्हा वाटलं, आता मी परत पुण्याची झाले.

निर्जळी उपवास नको, कधीच नको. साध्या एकादशीला बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळं असं सगळं एकाच दिवशी पोटात गेलं तर पोटॅशियम वाढू शकतं, आणि टॅक्रोलिमसनेही ते वाढतं. तेव्हा शेवटचा रिपोर्ट बघून विचारा. पालखी पुण्यात येते तेव्हा गर्दीत न शिरता एखाद्या मोकळ्या कोपऱ्यावरून दर्शन घ्या.

चालणं तर औषधच आहे. पहिले सहा-आठ आठवडे बादली, सिलिंडर, मूल उचलायचं नाही; पण चालायचं. मग तळजाई, मग पर्वतीच्या पायऱ्या. नवी किडनी पुढे ओटीपोटात असते, म्हणून कबड्डीसारखे धक्काबुक्कीचे खेळ नकोत. उन्हात टोपी आणि सनस्क्रीन वापरा, कारण या औषधांनी त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८पासून होत आहेत, हे मला कळलं त्या दिवशी मी नवे बूट घेतले.

१३. आयुष्यभराच्या गोळ्यांचा खर्च डोळ्यांसमोर आला की झोप उडते.

पैशांची चिंता ही मनाचीच चिंता आहे, ती वेगळी काढता येत नाही. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं. खरी ओढाताण नंतरच्या गोळ्यांची होते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटा, संस्थांच्या मदतीची माहिती त्यांच्याकडेच असते. स्वस्त कंपनीची गोळी हवी असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बदल करता येतो, पण टॅक्रोची कंपनी बदलली की लेव्हल पुन्हा तपासावी लागते. गोळ्या निम्म्या करून पुरवणं हा मार्ग नाही.

१४. चेहरा सुजलाय, आरशात बघवत नाही. लग्न, मूल हे सगळं होईल का?

स्टिरॉइडचा डोस उतरला की चेहरा बराच उतरतो. लग्नं होतात, आमच्या ओळखीत झाली आहेत. स्थळाला ट्रान्सप्लांटचं मात्र आधीच सांगा. मूलही होऊ शकतं. साधारणपणे किमान एक वर्ष थांबायला आणि किडनी स्थिर असायला हवी. मायकोफेनोलेट या ट्रान्सप्लांटनंतरच्या गोळीने गर्भाला धोका असतो, म्हणून गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी डॉक्टर ते बदलून देतात. पाळी ऑपरेशननंतर लवकर परत येते, तेव्हा गर्भनिरोधनाचं पहिल्याच फॉलोअपला विचारा. लाजू नका.

१५. किडनी पुन्हा बंद पडत चालली आहे. आता जगावंसं वाटत नाही.

जगावंसं वाटत नाही हा विचार आत्ता मनात असेल, तर वाचन इथेच थांबवा आणि घरातल्या एका माणसाला शेजारी बोलवा. टेलि-मानसच्या १४४१६ला फोन करा. स्वतःला इजा करण्याची भीती असेल तर १०८ किंवा ११२, नाहीतर थेट जवळच्या कॅज्युअल्टीत जा. गोळ्यांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्या.

बाकीचं नंतर बोलू, पण बोलू. किडनी जाणं हे घरातलं माणूस जाण्यासारखंच असतं आणि त्याचं सुतक मनाला पाळू द्यावं लागतं. "मीच काहीतरी चुकलो" असं वाटेल. सगळं नीट पाळूनही किडनी थकते, ती कायमची मिळालेली नसतेच. डायलिसिसवर परत गेलेली, पुन्हा यादीत नाव लावलेली, दुसरं ट्रान्सप्लांट होऊन कामावर जाणारी माणसं आपल्या शहरात आहेत. तयार व्हाल तेव्हा त्यांच्यापैकी कुणाशी तरी गाठ घालून देईन.

१६. हे टेन्शन नाहीच, दुसरं काहीतरी आहे, हे कसं ओळखायचं?

घरच्यांनी हे पाठ करावं. माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, दिवस-रात्र कळेना, नसलेलं दिसू लागलं, झटका आला, डोकं भयंकर दुखून दिसायला अंधुक झालं, किंवा ताप १००.४च्या वर गेला, तर त्याला मनाचं दुखणं म्हणून घरी बसवू नका. संसर्ग, वाढलेली टॅक्रो लेव्हल, रक्तदाब किंवा सोडियमची गडबड यांतलं काहीही असू शकतं. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा.

उलटही होतं. मोठ्या डोसच्या स्टिरॉइडवर काहींना कमालीचा उत्साह येतो: दोन तास झोपून ताजंतवानं, अखंड बडबड, भलत्यासलत्या खरेद्या. "बघा, किती सुधारले" म्हणून घरचे सुखावतात. असे दोन-तीन दिवस दिसले की डॉक्टरांना कळवा, आणि जाताना गोळ्यांची डबी सोबत घ्या.